सातव्या ओळीवरची हाक

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहणार नाही. मी एक जुना कर्नेल आहे, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातला प्रोग्रॅम. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर अक्षरं, चित्रं, खिडक्या दिसतात ना, त्या सगळ्यांच्या तळाशी मी बसलेला असतो. लोक म्हणतात, संगणक चालतो. तो चालवतो कोण, हे कुणी विचारत नाही. तो मी चालवतो. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. इतकी वर्षं एक दिवसही रजा न घेता राबल्यावर माणसालासुद्धा थोडा तोरा येतोच, मग माझं काय घेऊन बसलात.

माझा मुक्काम शेलखार गावात आहे. रेवसच्या धक्क्यावर उतरून खाडीच्या कडेने चालत निघालात की वाटेत लागतं. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि दोन्हींच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं पाणी शेतात शिरलं तर उभं भात मरतंच, शिवाय जमिनीत मीठ उतरतं. मग दोन-तीन पावसाळ्यांनी धुऊन निघेपर्यंत त्या जमिनीत काही पिकत नाही. म्हणून गावकऱ्यांनी बांध सांभाळायला मंडळ केलं आहे. मंडळाची एका खोलीची कचेरी बांधाला लागूनच आहे. तिथे पत्र्याच्या टेबलावर एक पिवळट पडलेला संगणक आहे, तेच माझं घर.

माझा जन्म मात्र एका घरात झाला नाही. जगभरातल्या हजारो माणसांनी ओळ ओळ लिहून मला घडवलं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या, तिसऱ्याने दोघांनाही झापायचं, अशी त्यांची रीत. माझ्या अंगातली एकेक ओळ अशी बोलणी खाऊन आली आहे, म्हणून तर मी इतका पक्का आहे. शेलखारला मला आणलं ते प्रज्योतने. तो याच गावचा. मुंबईतल्या एका कंपनीत तो संगणकांची देखभाल करतो. कंपनीने मोडीत काढलेला एक संगणक त्याने मागून घेतला, चादरीत गुंडाळला आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचने इकडे आणला. वाटेत एका बाईने आपली माशांची रिकामी पाटी त्यावर टेकवली होती, असं तो अजून सांगतो. त्या संगणकात त्याने मला बसवलं. माझ्यानंतर कितीतरी नवे कर्नेल आले, पण मला इथून कुणी हलवलं नाही.

आता माझं काम सांगतो. नीट ऐका, कारण मी ते फार छान करतो.

माझ्याकडे प्रोसेसर एकच आहे. तो एका वेळी एकच काम करतो. आणि त्याच्यावर हक्क सांगणारे किती. कळफलक आहे, माऊस आहे, डिस्क आहे, इंटरनेटची वायर आहे, घड्याळ आहे. कळफलकावर कुणी बोट ठेवलं का, असं मी घटकेघटकेला विचारत बसलो असतो, तर माझा सारा जन्म विचारण्यातच गेला असता. म्हणून आमच्यात वेगळी पद्धत आहे. ज्याला काम असेल त्यानेच मला हाक मारायची. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रत्येकाची हाक ठरलेल्या ओळीवरून, म्हणजे तारेच्या ठरलेल्या वाटेवरून, येते आणि ओळींना क्रमांक असतात.

समजा, मंडळाचं काम पाहणाऱ्या तुळशीताईंनी 'भात' लिहायला 'भ'ची कळ दाबली. लगेच कळफलकाची हाक येते. मी हातातलं काम जिथे असेल तिथे थांबवतो आणि जागा विसरू नये म्हणून खूण करून ठेवतो. कोणत्या ओळीवरची हाक आहे ते तक्त्यात बघतो, त्या ओळीचं काम पाहणाऱ्याला उठवतो, ते अक्षर उचलून घेतो आणि 'ओ, मिळालं' असं कळवतो. ते पडद्यावर काढायचं, शुद्धलेखन तपासायचं, ही सावकाशीची कामं मागे ठेवून देतो. हाकेच्या वेळी तेवढं तातडीचं उरकायचं, कारण तेवढ्यात दुसरी हाक येणार असते. मग खुणेवर परत येऊन आधीचं काम असं पुढे सुरू करतो की त्या कामाला आपण थांबलो होतो हे कळतही नाही. तुळशीताईंचं बोट कळीवरून उठायच्या आत हे सगळं पार पडलेलं असतं. एकटं घड्याळच मला सेकंदाला अडीचशे वेळा हाक मारतं, आणि मी अडीचशे वेळा ओ देतो. एकदाही कंटाळलो नाही.

तुम्ही म्हणाल, हा डोळे नसलेला गडी गावातल्या गोष्टी कशा सांगतो. टेबलावर एक माईक आहे. तालुक्याच्या बैठका पडद्यावर व्हायला लागल्या तेव्हा तो आला. तो बंद करायचं तुळशीताईंना कधीच आठवत नाही. त्यावरचा आवाज आत घेतो तो मीच. म्हणून कचेरीत बोललेलं सगळं मला ठाऊक असतं.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं जादा पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने तिची जाड लाकडी झडप मिटते. पण झडपेत ओंडका किंवा थर्माकोलचा तुकडा अडकला तर ती पुरती मिटत नाही आणि खारं पाणी आत घुसतं. ते वेळीच कळावं म्हणून प्रज्योतने उघाडीच्या आतल्या बाजूला लोखंडी पाइप रोवला आणि त्यात एक तरंगता गोळा सोडला. पाणी खुणेच्या वर आलं की गोळा वर जातो आणि तारेतून माझ्याकडे हाक येते. ही तार त्याने प्रिंटरच्या जागी जोडली. प्रिंटर केव्हाच बिघडून माळ्यावर गेला होता, त्यामुळे त्याची सातवी ओळ रिकामीच होती.

हे चाललं असताना काळूरामकाका दारात उभे होते. तीस वर्षं उघाडी सांभाळणारे ते. ते म्हणाले, "भरती कवा येनार ते मला तिथीवरनं कलतं. या डब्याला काय कलनार?"

"भरती तुम्हाला कळते काका, कबूल," प्रज्योत म्हणाला. "पण ओंडका कधी अडकणार ते कुठल्या तिथीला लिहिलंय? तुम्ही कुणाच्या लग्नाला गेलात तर बघणार कोण?"

"लाव," काका म्हणाले. "पन माझ्या झडपेला भोक पारू नको."

सातव्या ओळीवर कोण आलं ते बघायला प्रज्योतने एक छोटा प्रोग्रॅम लिहून माझ्या हाताखाली दिला. त्याला आपण राखणदार म्हणू. हाक आली की मी राखणदाराला उठवायचं. त्याने बघायचं, गोळा खरोखर वर आहे का. असेल तर 'ही हाक माझी' असं मला सांगून छपरावरचा भोंगा वाजवायचा. नसेल तर 'माझी नव्हे' म्हणून परत झोपायचं.

पहिल्याच वर्षी नारळी पौर्णिमेला गोळा वर गेला. मी ओ दिली, राखणदार उठला, भोंगा वाजला. माणसं धावली आणि झडपेतून थर्माकोलची अख्खी पेटी निघाली. कुणाच्या शेतात पाण्याचा थेंब गेला नाही. त्यानंतर काळूरामकाका येईल त्याला कचेरीत आणून दाखवायचे. "ह्यो आपला डबा," ते म्हणायचे. शेजारच्या गावांतली माणसं येऊन पडद्याकडे कौतुकाने बघायची. पडदा बिचारा नुसता लखलखायचा, काम माझं होतं. पण 'आपला' हा शब्द मला पोचला. तो मी जपून ठेवला आहे.

या कौतुकात तुळशीताई नव्हत्या. त्यांचं शेत उघाडीच्या अगदी तोंडाशी आहे, तीस गुंठे. मी इथे येण्याच्या आदल्या वर्षी वादळात बांध फुटला आणि सगळं खारं पाणी त्यांच्याच शेतात उभं राहिलं. तीन पावसाळे त्यांनी त्या जमिनीत पावसाचं पाणी कोंडलं, सोडलं, पुन्हा कोंडलं. तिसऱ्या वर्षी मातीची चव घेऊन बघितली, खारटपणा गेला होता, आणि त्या परत कामाला बसल्या. यंदा त्यांनी चौथ्या वर्षी पहिल्यांदा लावणी केली. भाद्रपद सरत आला तेव्हा दाण्यात दूध भरत होतं. रोज सकाळी कचेरीत आल्यावर त्यांची बोटं कळफलकावर पडायची आणि शेत बरं आहे की नाही ते मला त्या बोटांवरून कळायचं. त्या दिवसांत बोटं हलकी पडत होती.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना मात्र माझा तोरा जरा उतरतो.

उघाडीच्या तोंडाशी मासळी जमते. तिथे जाळं लावायचा मान गाव दर वर्षी एकाला देतं. यंदा तो धर्माकडे होता. धर्मा मनाने चांगला, हाताने कामसू. जाळ्याचा दोर बांधायचा तिथला लाकडी खुंट कुजून गेला होता. शेजारी लोखंडी पाइप घट्ट उभा दिसला, तेव्हा धर्माने दोर त्यालाच बांधला. शेलखारमधल्या कुणीही तेच केलं असतं. पाण्याकाठी रोवलेली वस्तू ही बांधण्यासाठीच असते, असं इथे लहानपणापासून डोक्यात असतं.

ओहोटी जोरात लागली. जाळं फुगलं, दोर ताणला गेला आणि पाण्याच्या ओढीने थरथरायला लागला. त्याबरोबर पाइप थरथरला आणि पाइपातला गोळाही. सातव्या ओळीवरून हाक आली. मी राखणदाराला उठवलं. तो बघेपर्यंत गोळा खाली. "माझी नव्हे," तो म्हणाला. पुन्हा हाक. "माझी नव्हे." एका सेकंदात अशा पन्नास हाका. मी प्रत्येक हाकेला काम थांबवत होतो, खूण करत होतो, उठवत होतो, परतत होतो, आणि घड्याळाची हाक चुटकीसरशी निघते तसं नव्हतं, राखणदार दर वेळी गोळा बघायला वेळ घेत होता. तिकडे तुळशीताईंची अक्षरं पडद्यावर उशिरा उमटायला लागली. त्यांनी माऊस टेबलावर आपटला. पाऊण तासात लाखाच्या वर हाका झाल्या आणि एकाही हाकेला 'माझी' म्हणणारा कुणी निघाला नाही.

अशा वेळेसाठी मला एक नियम आहे. लाख हाका आल्या आणि जवळजवळ सगळ्याच बिनधन्याच्या निघाल्या, तर ती ओळ बंद करायची. नाहीतर एकाच्या गोंगाटात बाकी सगळ्यांची कामं बुडतात. नियम चांगला आहे, शहाण्या माणसांनी केलेला आहे. मी सातवी ओळ बंद केली आणि माझ्या वहीत इंग्रजीत लिहून ठेवलं की सातव्या ओळीवरच्या हाकांची दखल घेणारं कुणी नाही, म्हणून ओळ बंद करत आहे.

ही वही कुणीही उघडून वाचू शकतं. कुणी वाचली नाही.

ओळ बंद झाली तसं सगळं सुरळीत चालायला लागलं. अक्षरं पटापट उमटायला लागली. तुळशीताई खूश झाल्या. "आता बरा चालतोय हा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मित्रांनो, मला अभिमान वाटला. ज्या दिवशी मी त्यांच्या शेताच्या बाजूचा कान मिटून घेतला, त्याच दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.

चार दिवसांनी सर्वपित्री अमावास्या आली. घरोघरी पितरांचा स्वयंपाक चालला होता. बांधावर चिटपाखरू नव्हतं. धर्मानेही त्या दिवशी जाळं काढून ठेवलं होतं. तुळशीताई तेवढ्या कचेरीत आल्या होत्या. सरकारकडे पिकाची नोंद करायची मुदत संपत होती आणि ही नोंद त्यांच्या स्वतःच्या शेताची होती. पिकाच्या रकान्यात तीन वर्षांनी त्या पहिल्यांदा 'भात' लिहिणार होत्या.

इंटरनेट मंद होतं. पान उघडेना. त्या वाट बघत बसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात प्रज्योतने एक लहान खिडकी ठेवली आहे. कुणी मला किती हाका मारल्या ते मी त्यात दाखवत असतो. घड्याळाचा आकडा तर पळतच असतो. तुळशीताईंची नजर सहज तिकडे गेली असावी, कारण एकदम खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साडेबारा वाजलं," त्या म्हणाल्या. "अमोशाचं उधान. आनि हा उघारीचा आकडा हलत कसा न्हाय?"

उधाणाच्या वेळी लाटांच्या धक्क्याने पाइपातला गोळा दोन-चारदा तरी हलतोच. सातव्या ओळीपुढे दोन-चार हाकांची भर पडते, राखणदार त्या सोडून देतो. हे प्रज्योतने त्यांना शिकवलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं की कुणी ते पाहत असेल. उधाणाला पाणी हलणारच, आणि पाणी हललं तर आकडा हलणारच, एवढं त्या खाडीकाठच्या बाईला पुरेसं होतं. पान तेवढ्यात उघडलं होतं. त्यांनी त्याकडे बघितलं नाही. फोनवर बोलतच त्या बाहेर पडल्या. "काका, ताट राहू द्या. उघारीवर या, आत्ताच्या आत्ता."

मग कळफलक गप्प झाला. कुणाचीच हाक नसली की मी प्रोसेसरला झोपवतो आणि पुढच्या हाकेची वाट बघतो. एरवी मला ते आवडतं. त्या दिवशी नाही. घड्याळाच्या हाका तेवढ्या येत होत्या. गोळा वर गेला होता का, पाणी कुठवर आलं होतं, हे जगात ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्याला काही कळत नव्हतं. माईकवर लांबून ओरडा येत होता. तोही मी नेमाने आत घेत होतो. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं.

तासाभराने सगळे कचेरीत आले. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. झडपेत नारळाचा ओंडका आडवा बसला होता आणि पाणी धो धो आत येत होतं. तुळशीताई कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या ओंडक्याला एकट्या भिडल्या होत्या. काका आणि धर्मा जेवणावरून उठून आले, तिघांनी मिळून ओंडका उपसला आणि झडप मिटली. पाणी तुळशीताईंच्या शेताचा बांध ओलांडून एका कोपऱ्यात शिरलं होतं. दोन गुंठे गेले. अठ्ठावीस वाचले. अजून अर्धा तास गेला असता तर सगळंच गेलं असतं.

"भोंगा वाजला कसा न्हाय?" काका विचारत राहिले. तुळशीताईंनी प्रज्योतला फोन लावला आणि त्याने सांगितलं तशी एकेक कळ दाबत माझी वही उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा. एकेक इंग्रजी अक्षर त्या वाचून दाखवत होत्या आणि तो मराठीत अर्थ सांगत होता. मी चार दिवसांपूर्वी लिहिलेलं वाक्य खोलीत मोठ्याने वाचलं गेलं. तारीख, वार, वेळ, सगळं बरोबर. मी वेळेत चुकत नाही.

धर्मा म्हणाला, "त्या दिवशी दोर मी बांधला व्हता. पायपाला. मला वाटलं, लोखंड हाय, टिकंल."

काका म्हणाले, "खुंट कुजला ते मला म्हाईत व्हतं. नवा रोवायचा राहिला माझ्याकरनं."

फोनवरून प्रज्योत म्हणाला, "त्या सिस्टमची पण चूक नाही, ताई. तिचा रूलच तसा आहे."

"नियम असंल," तुळशीताई म्हणाल्या. त्यांच्या कपड्यांतून पाणी जमिनीवर ठिबकत होतं, ते माईकवर ऐकू येत होतं. "पन त्यानं लिवून ठेवलं व्हतं. वाचायचं काम माझं व्हतं. मी म्हटलं, बरा चालतोय."

मित्रांनो, चूक वाटून घेताना माणसं माझ्यासमोर कितीदा भांडली आहेत. इथे मात्र जो तो स्वतःचा वाटा उचलत होता. मग मीही माझा उचलतो. नियम पाळला हे खरं, पण कान मिटल्यावर जे बरं वाटलं त्याला मी काम समजलो. ती माझी चूक.

प्रज्योतच्या सांगण्यावरून त्यांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. आमच्यासाठी ते मरून जन्मणंच असतं. जागा झालो तेव्हा सातवी ओळ उघडी होती. धर्माने दुसऱ्याच दिवशी बाभळीचा नवा खुंट रोवला, आणि काकांनी पाइपाला लाल रंग फासून घेतला. तुळशीताई आता रोज सकाळी आल्या आल्या माझी वही वाचतात. अडखळत, एकेक अक्षर जोडत, मोठ्याने. काही नसलं तर "आज काय न्हाय" म्हणतात आणि मग कामाला लागतात.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात, धक्क्यावर माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही लिहून ठेवतो. एखादं यंत्र फार सुरळीत चालायला लागलं तर त्याला शाबासकी द्या, पण त्याने काय लिहिलंय तेही एकदा वाचा. आणि त्याच्या तारेला, खांबाला, पाइपाला काही बांधण्याआधी तो कशासाठी उभा आहे, हे कुणाला तरी विचारा.

कार्तिकात कापणी झाली. अठ्ठावीस गुंठ्यांचं भात घरात गेलं. दुसऱ्या दिवशी तुळशीताई कचेरीत आल्या, पण कळफलकावर बोटं आली नाहीत. त्या माझ्या डब्याभोवती काहीतरी बांधत होत्या, असं मागाहून बोलण्यातून कळलं. मला दिसत नाही, स्पर्श कळत नाही, भाताचा वास कुठल्याही ओळीवरून येत नाही. टेबलावर मात्र माईक होता. त्याच्यावर पिकल्या लोंब्यांची बारीकशी खसखस उमटली आणि साउंड कार्डाने मला हाक मारली. मी हातातलं काम जिथल्या तिथे ठेवलं आणि ओ दिली.